तुम्ही विचारलंत म्हणून: रजेवर निघालेल्या सैनिकाचे चित्रपट

दुसऱ्या महायुद्धावरच्या जुन्या चित्रपटांपैकी तुमचा सर्वांत आवडता कोणता, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आम्ही काही जण अधूनमधून वाचनालयाच्या सभागृहात जुने परदेशी चित्रपट दाखवतो. खेळ संपल्यावर कोणीतरी हे विचारतेच आणि त्याला बहुधा एक उपप्रश्नही जोडलेला असतो: तुमच्या निवडीत लढाई एवढी कमी का? तुम्ही विचारलेत म्हणून दोन्हींचे उत्तर एकदमच देते. माझा सर्वांत आवडता युद्धपट म्हणजे ग्रिगोरी चुखराय यांचा १९५९ सालचा रशियन चित्रपट ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’. त्यातली चकमक सुरुवातीच्या काही मिनिटांतच आटोपते आणि उरलेला चित्रपट एका सैनिकाच्या रजेचा आहे.

नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला सैनिकाची रजा म्हणजे काय, हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे, इथे आर्टिलरी सेंटर आहे आणि स्टेशनवर काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरांत नाव व नंबर लिहिलेले जवान आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तोफांचा सराव आपल्याला लांबून ऐकू येतो, पण माणूस दिसतो तो गाडीची वाट पाहताना. दूरच्या गावी जाणाऱ्याच्या रजेतले किती दिवस प्रवासातच संपतात, याचा हिशेब त्याच्या घरी आधीपासून चालू असतो. युद्धाची किंमत मला या हिशेबातून जितकी कळते, तितकी पडद्यावरच्या स्फोटांतून कळत नाही.

चुखराय यांच्या चित्रपटात हाच हिशेब उघडपणे मांडलेला आहे. एकोणीस वर्षांचा आल्योशा दोन रणगाडे निकामी करतो. सेनाधिकारी त्याला पदक देऊ करतो, तेव्हा तो पदकाऐवजी आईला भेटण्याची परवानगी मागतो, कारण घराचे छप्पर गळत असल्याचे तिने पत्रात कळवलेले असते. त्याला सहा दिवस मिळतात: दोन जाण्याचे, दोन येण्याचे आणि दोन छपराच्या दुरुस्तीचे. तो परत येणार नाही, हे निवेदकाने आपल्याला अगदी आरंभीच सांगून टाकलेले असते, त्यामुळे पुढचा प्रत्येक तास आपण त्याच्यासाठी मोजत राहतो.

आणि तो तास तो इतरांवर खर्च करत जातो. एक पाय गमावलेला सैनिक बायकोसमोर जायला घाबरतो, म्हणून आल्योशा त्याच्याबरोबर थांबतो. मालगाडीच्या डब्यात शूरा नावाची मुलगी भेटते आणि तिच्यावरचे त्याचे प्रेम ओठांवर येण्याआधीच त्यांची वाट वेगळी होते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो साबणाचा प्रसंग. आघाडीवर जाणारा एक अनोळखी सैनिक आपल्या बायकोला देण्यासाठी त्याच्याजवळ साबणाच्या दोन वड्या सोपवतो आणि त्या दोन वड्या म्हणजे साऱ्या तुकडीचा साबण असतो. आल्योशा पत्ता शोधत त्या घरी पोहोचतो, तेव्हा ती बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर राहत असल्याचे त्याला दिसते. तो निघतो, पुन्हा वर जातो, साबण परत घेतो आणि त्या सैनिकाच्या वडिलांना नेऊन देतो. लेखकाने इथे कोणाच्याही तोंडी निष्ठेचे भाषण घातलेले नाही आणि ती बाईही खलनायिका म्हणून रंगवलेली नाही, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटते. अखेर वाटेत गाडीवर बॉम्ब पडतात, वेळ संपते आणि आईच्या वाट्याला मुलगा येतो तो काही मिनिटांसाठी. छप्पर तसेच राहते. चुखराय स्वतः स्टालिनग्राडला लढले होते, जखमी झाले होते, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्यांनी आल्योशाच्या मरणाचे दृश्य दाखवले नाही.

त्याआधी दोनच वर्षे आलेला मिखाईल कालातोझोव यांचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ अनेकांना याहून श्रेष्ठ वाटतो. १९५८ साली त्याला कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि सेर्गेई उरुसेव्हस्की यांचे छायाचित्रण खरोखर थक्क करणारे आहे. आघाडीवर गोळी लागलेल्या बोरिस या सैनिकाच्या डोळ्यांसमोर बर्चची झाडे फिरू लागतात, ते दृश्य विसरता येत नाही. पण मला त्या कॅमेऱ्याची करामत अधूनमधून त्याची वाट पाहणाऱ्या व्हेरोनिकाच्या दुःखापेक्षा मोठी वाटते.

अमेरिकन चित्रपटांत मी विल्यम वायलर यांचा १९४६ चा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ सर्वांत वर ठेवते. इथे युद्ध संपले आहे आणि तीन जण आपल्या गावी परतत आहेत. त्यांतल्या होमरची भूमिका करणारे हॅरल्ड रसेल यांचे दोन्ही हात सैन्यातल्या प्रशिक्षणाच्या वेळी स्फोटात खरोखर गेले होते, आणि या एकाच भूमिकेसाठी त्यांना दोन ऑस्कर देण्यात आले. रात्री झोपण्यापूर्वी होमर आपले लोखंडी हात उतरवतो आणि यानंतर मला दारही उघडता येत नाही, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीला दाखवतो. ती त्याच्या सदऱ्याची बटणे लावते. लग्न ठरवण्यापूर्वीचा इतका प्रामाणिक संवाद मी दुसऱ्या कोणत्याही युद्धपटात पाहिलेला नाही.

पराभूतांच्या बाजूचा म्हणून कोन इचिकावा यांचा ‘द बर्मीज हार्प’ (१९५६) यांच्या शेजारी ठेवावासा वाटतो. त्यातला जपानी सैनिक मिझुशिमा घरी जाता येत असूनही ब्रह्मदेशातच राहतो, कारण बेवारस पडलेल्या सैनिकांचे अंत्यसंस्कार करणारे तिथे कोणी नसते. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चे काय, असे विचारणारेही भेटतात. तो उत्तम आहे आणि कर्नल निकल्सनच्या भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस अजोड आहेत, पण तो अहंकाराचा चित्रपट आहे. त्यात घराची ओढ जवळजवळ नाही.

हे सारे सांगताना एक खंत मनात राहतेच. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय स्वेच्छेने सैन्यात होते. तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या खोल पाण्यातून जखमी साथीदारांना वाहून आणून पुन्हा शत्रूच्या मशीनगनांवर चालून गेले, आणि जिवंत राहिले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. एकाच्या घरी निरोप पोहोचला, दुसऱ्याच्या घरी माणूस परतला, आणि त्या दोन अंगणांत त्यानंतर काय घडले असेल, ते चुखराय यांच्या तोडीच्या दिग्दर्शकाने मराठीत दाखवावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पदक कसे मिळाले, हे सांगणारे लेखन आपल्याकडे आहे. मला पत्र कोणी वाचून दाखवले, शेतीचे काय झाले आणि परतलेला माणूस रात्री झोपू शकत होता का, हे पाहायचे आहे.

पाहायला सुरुवात करणार असाल तर पहिला ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’च घ्या, तो जेमतेम दीड तासाचा आहे आणि त्याचे संवाद इतके मोजके आहेत की उपशीर्षके वाचण्याची सवय नसलेल्यांनाही तो जड जात नाही. वायलर यांचा चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे. तो सलग पाहावा आणि घरात सैन्यातून निवृत्त झालेले कोणी असेल, तर त्यांच्या सोबतीने पाहावा.