अँटिऑकचं गॅरेज, दहा तारांची स्टील आणि माझा डॅशबोर्डवरचा गणपती

जुलैच्या लाँग वीकेंडला अटलांटाहून नॅशव्हिलला निघालो तेव्हा प्लॅन अगदी साधा होता, रायमन हे जुनं संगीत-सभागृह बघायचं, हॉट चिकन खायचं आणि परत यायचं. पण ऑफिसातला एक मित्र म्हणाला की माझा चुलतभाऊ तिकडे अल्बम करतोय, गॅरेजमध्ये, रॅप आहे पण कंट्रीवालं, म्हणजे इकडच्या गावाकडच्या गिटार-बँजोच्या संगीतातलं, जाऊन बघ की एकदा. मी म्हटलं बघू, आणि दोन्ही रात्री तिथेच काढल्या.

अडीचशे मैल, चार तास. चॅटानूगा मागे टाकलं की थोड्या वेळाने घड्याळ तासभर मागे जातं, फुकटचा तास मिळतो. मग माँटीगलचा घाट लागतो. घाट म्हणजे आपल्या खंडाळ्याएवढा गाजावाजा नाही, पण ट्रकवाले जाम जपून उतरत होते.

पहिल्या दिवशी टुरिस्टगिरी केली. रायमन 1892 चं, मुळात प्रार्थनामंदिर, अजून चर्चसारखे लाकडी बाकच आहेत. 1943 ते 1974 ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा रेडिओ शो इथून व्हायचा. त्या ऑप्रीच्या सुरुवातीच्या काळातला एक मोठा स्टार डीफोर्ड बेली, हार्मोनिकावाला, काळा माणूस, आणि 1941 मध्ये त्याला काढून टाकलं. कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं 2005 साली, तोवर बेली जाऊन वीसेक वर्षं झाली होती. बँजोसुद्धा मूळ आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं वाद्य. त्यामुळे कंट्रीत रॅप घुसला म्हणून जे गळे काढतात ना, त्यांनी आधी स्वतःचं घर कोणी बांधलं ते बघावं. असो. हॉट चिकनबद्दल एवढंच सांगतो की मी कोल्हापूरचा आहे आणि मी पाणी मागितलं.

संध्याकाळी अँटिऑक. नॅशव्हिलचाच भाग, पण ब्रॉडवेवरचे निऑन आणि काउबॉय बूट इथे दिसत नाहीत, टायरची दुकानं, मेक्सिकन टाकेरिया, भाड्याची घरं. रॅपर आणि कंट्री गायक जेली रोल इथलाच, आधी मिक्सटेप गाडीतून विकायचा. 2013 च्या एका मिक्सटेपच्या नावात वॉफल हाउस या हॉटेलसाखळीचं नाव घातलं तर कंपनीने वकिली नोटीस धाडली आणि नाव बदलावं लागलं. मित्राचा चुलतभाऊ हा किस्सा देवाची कहाणी सांगावी तसा सांगतो. स्वतःचं नाव छापू नको म्हणालाय, तर आपण त्याला भाऊ म्हणू.

गॅरेजला भिंतीभर रजया ठोकलेल्या, कोपऱ्यात कपाटाचं दार काढून केलेला बूथ, लॅपटॉप, दोन स्पीकर. आणि एसी बंद, कारण माइकमध्ये घरघर येते. जुलै महिना, टेनेसी, एसी बंद. मी बनियनवर आलो शेवटी.

मी विचारलं की कंट्री म्हणजे बँजोचा एखादा लूप घ्यायचा आणि खाली ड्रम मारायचे, असंच ना? 2019 मध्ये लिल नास एक्स या रॅपरने तीस डॉलरच्या बीटवर तसंच केलं आणि एकोणीस आठवडे एक नंबरला राहिला, बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढला तरी. भाऊ हसला. म्हणाला, लूप मसाल्यासारखा वरून पडतो, मला फोडणीतच पाहिजे. टेक्सासची रॅपर जोडी यूजीके, ते स्वतःच्या गाण्यांना 'कंट्री रॅप ट्यून्स' म्हणायचे, ते भाऊचं दैवत. तिथे कंट्रीचा अर्थ आपलं 'गावरान', गिटार असो नसो.

म्हणून पेडल स्टील गिटार वाजवायला एक काका बोलावलेले, सत्तरीचे, मोबदला रोख आणि रात्रीचं जेवण. स्टील जवळून बघणं हीच खरी माझी ट्रिप. टेबलासारखं वाद्य, दहा तारा, डाव्या हातात लोखंडी बार, पायाखाली पेडल, वर गुडघ्याने ढकलायचे लिव्हर. मींड इतकी लांब की हवाईयन गिटारवरची भावगीतं आठवली, फक्त इथे मींड घ्यायला पायही राबतात.

काकांपुढे कागद, त्यावर नुसते आकडे, 1 1 4 1, 5 4 1. हीच ती नॅशव्हिल नंबर सिस्टिम, कॉर्डच्या नावाऐवजी पट्टीतला त्याचा नंबर लिहायचा, पन्नासच्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकमंडळीतल्या नील मॅथ्यूजने काढली. गायकाचा आवाज बसला तर पट्टी बदला, आकडे तेच. मी म्हटलं आमच्याकडे सा कुठेही धरा, प हा प च राहतो. काकांना हे भयंकर आवडलं, मग त्यांना पांढरी पाच म्हणजे काय तेही शिकवून झालं, कारण गाणं नेमकं त्याच पट्टीत होतं.

चार आवर्तनं वाजवून काका थांबले. "पोरा, तुझा ड्रम बेसूर आहे." ड्रम कसा बेसूर असेल, भाऊ म्हणाला. पण 808 या ड्रम मशीनचा किक, म्हणजे खालचा ठोका, नुसता धप्प नसतो, लांब घुमतो, त्याला सूर असतो. मीटर लावून बघितलं तर जवळजवळ पाव सूर चढा. तोंडात अखंड शिव्यांचे वर्स असलेला हा माणूस मान खाली घालून "येस सर" म्हणाला आणि सगळ्या गाण्यांचे 808 उतरवत बसला, रात्री एक वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशीचा सगळ्यात सुंदर टेक शेजारच्याच्या लॉनमोवरने खाल्ला. मग उलटा प्रॉब्लेम झाला, स्टील इतकी पसरली की शब्दांना जागा राहीना. मला वाटलं आता स्टील कापणार. भाऊने स्वतःच्या सोळा ओळींतल्या सहा खोडल्या. त्यात मला फार आवडलेली आजीच्या पिकअपवाली ओळ पण गेली, मी कुरकुरलो, कोणी ऐकलं नाही.

रात्री कार टेस्ट. स्टुडिओत काहीही भारी वाटतं, खरं गाडीत कळतं म्हणे, आणि भाऊच्या गाडीचा स्पीकर फाटलेला, म्हणून माझी कॅमरी. भाऊ पुढे, काका मागे, काचा वर. पहिला 808 पडला आणि डॅशबोर्डवरचा गणपती टेपसकट सुटून भाऊच्या मांडीत.

भाऊने तो दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवला, मला म्हणाला सॉरी, आणि आत जाऊन बेस दोन डेसिबल खाली आणला. परत लावलं. या वेळी गणपती नुसता थरथरला. काका मागून म्हणाले, "अजून एक खाली. तो उभा राहिला पाहिजे."

तिसऱ्यांदा उभा राहिला, स्टील पण नीट ऐकू आली. पावणेदोन वाजले होते. सकाळी परत निघालो तर चॅटानूगाच्या आधी तो फुकटचा तास परत गेला, आणि टेप गेलेला गणपती अख्खा रस्ता कप होल्डरमध्ये बसून आला.