तुम्ही विचारलंत म्हणून : लाकडं कोण कापून देतं?

पडवीत छपरापर्यंत रचलेली फाटी बघून येणारा प्रत्येक जण एकदा माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "काकू, लाकडं कोण कापून देतं हो तुम्हाला?" कोणी नाही. मीच कापते. मग 'या वयात!' वगैरे सुरू होतं. ते कौतुक अंगणातल्या घोडीला द्या. चार पायांची नव्हे, सहा पायांची, ओंडका ठेवून कापायची लाकडी घोडी आहे ती.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोलीजवळच्या आमच्या वाडीत निम्मी कौलं उडाली आणि मागचे दोन आंबे मुळासकट आडवे झाले. मशीनवाला एकदाचा आला, चार-चार फुटांचे ओंडके पाडून गेला. पुढचं कापायला गडी मिळेना. गॅस आहे हो घरात, पण आंघोळीचं पाणी बंबावर आणि भात चुलीवर, ही सवय काही सुटत नाही. शिवाय एवढं जळण डोळ्यांदेखत कुजवायचं?

मुलाने धनुष्यासारख्या वाकलेल्या पाइपची करवत आणून दिली. मी ओंडका दोन दगडांवर आडवा टाकला आणि मधोमध करवत लावली. निम्म्यात पातं असं गच्च बसलं की पुढे जाईना, मागे येईना. शेवटी पाचर ठोकून सोडवलं. दुसरा ओंडका, तेच. खोबरेल तेल लावून पाहिलं. त्याने चीक चिकटायचा थांबला, पातं अडकायचं नाही.

छपराच्या कामाला आलेला सुतार वरून हे सगळं बघत होता. म्हणाला, "वहिनी, करवतीला कशाला शिव्या देताय? टेकू बदला." दोन्ही टोकांना टेकू असला की ओंडका मध्ये खचतो, वरची फट आवळत जाते आणि पात्याला चावते. कापायचं टोक टेकूच्या बाहेर अधांतरी ठेवलं, तर ते आपल्याच वजनाने झुकतं आणि फट उघडत जाते. एवढंच. पन्नाशी उलटेपर्यंत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घोडी त्याच छपराच्या काढून टाकलेल्या वाशांची केली. साडेतीन फुटांचे सहा तुकडे, दोन-दोनच्या तीन कैच्या. फुली मधोमध नाही, वरून फुटभरावर. म्हणजे वर ओंडका बसायला खोबण होते आणि खाली पाय ऐसपैस फाकतात. ओंडका कमरेच्या जरा खाली येतो, वाकावं लागत नाही. पहिल्यांदा मी खिळ्यांवर भागवलं. तिसऱ्या दिवशी घोडी ओंडक्यासकट हळूहळू बसली, म्हातारी गाय बसते तशी. मग फुलीत भोक पाडून अर्ध्या इंची बोल्ट घातले आणि पाय आणखी फाकू नयेत म्हणून खाली आडव्या रीपा मारल्या.

खरी गंमत कैच्यांच्या अंतरात आहे. तिन्ही सारख्या अंतरावर ठेवल्या तर ओंडका आखूड झाला की दोन कैच्यांच्या मधून खाली पडतो. म्हणून पहिल्या दोन वीतभर अंतरावर, तिसरी त्यांच्यापासून हातभर लांब. करवत नेहमी पहिल्या कैचीच्या बाहेर चालवायची. शेवटी उरलेला बुटका जवळच्या दोघींवर बसतो, पण चळतो. त्यावरून गोठ्यातलं जुनं दावं टाकते, खालच्या फासात पाय अडकवून दाबून धरते आणि दोन्ही हात करवतीला मोकळे. मशीन वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा : बोल्ट कापाच्या रेषेपासून लांब हवेत आणि दाव्याचा हा खेळ मशीनसोबत अजिबात करू नका.

फोडायची युक्ती त्याहून सोपी. जाड बुंध्यावर पंक्चरवाल्याकडचा मोटारीचा जुना टायर स्क्रूने बसवलाय. कापलेला तुकडा त्यात उभा करायचा आणि कुऱ्हाड मारायची. फाळ्या उडत नाहीत, टायरमध्येच उभ्या राहतात, पुन्हा-पुन्हा वाकून उचलाव्या लागत नाहीत. टायरला खालून भोकं मात्र पाडा, नाहीतर पावसात तिथे डासांची शाळा भरते. गाठीच्या तुकड्याशी मी भांडत नाही. तो बाजूला ठेवते, होळीला मुलं घेऊन जातात.

हे सगळं थंडीत सुरू करते. वैशाखापर्यंत लाकडं वाळून पडवीत गेली पाहिजेत. एकदा आळस केला आणि अर्धी ओली रचली. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लाकडांना बुरशी, चुलीला धूर, आणि माझे डोळे आषाढभर लाल.

यंदा घोडीच्या मागच्या पायाला वाळवी लागली. सगळे पाय जळक्या ऑइलने रंगवले होते, तोच एक राहिला होता. परवा बोल्ट सोडवून नवा वासा बसवला आणि जुना पाय कापायला घोडीवरच ठेवला.