दांडिया बाजारातलं शूटिंग

आज आपल्या केबलवरच्या मराठी कार्यक्रमासाठी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्यात शूटिंग होतं. मी नवीन, त्यामुळे बूम माइक, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, माझ्याच हातात. खांदे भरून आलेत. कॅमेरावाले काका तोंड उघडतच नाहीत. लेन्ससमोर पांढरा कागद धर, हेही भुवईनंच सांगतात. (व्हाइट बॅलन्स हो, म्हणजे कॅमेऱ्याला खरा पांढरा रंग ओळखवायचा, नाहीतर बल्बच्या उजेडात सगळ्यांना कावीळ!) निवेदिका ताईंचं उलट, दम म्हणून घेत नाहीत. शेवटी साउंडवाल्या भाईंना खोलीतली नुसती शांतता हवी होती, ३० सेकंद. एडिटिंगमध्ये जोड झाकायला लागते म्हणे. मध्येच ताई, "झालं का हो?" भाई वैतागले, "शांति राखो ने, बेन!" काका चक्क हसले. पुन्हा घेतलं. नंतरची सेव-उसळ ताईंकडून वसूल केली.