लुकलुकणाऱ्या गोळ्या आणि पाळीची भुतं

दिवाळीत परभणीला गेलतो, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला, पिवळ्या कॅसेटवाला, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम मशीनची नक्कल असायची ना तोच. चालू काही झाला नाही, पण तेव्हापासून एकच विषय डोक्यात बसलाय, व्हिडिओ गेम पार्लरमधला, नाणं टाकून खेळायचा मोठा गेम घरातल्या एवढ्याशा डब्यात बसवला कसा असेल.

दादा आणि मी कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम खेळायचो. एस गन, म्हणजे एकदम पसरून गोळ्या सोडणारी बंदूक, मिळाली की नुसत्या गोळ्याच गोळ्या, अन् मधीच त्या लुकलुकायला लागायच्या, काही तर गायबच. दादा म्हणायचा, "कॅसेट काढ, फुंकर मार, काँटॅक्ट लूज झालाय." कित्येक वर्षं फुंकरा मारल्या. पण दोष कॅसेटचा नव्हताच! त्या मशीनला एका आडव्या रेषेवर फक्त 8 स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवता येतात, नववा आला की तो दिसत नाही, मग प्रोग्रामर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, कोणाला लपवायचं ते बदलत राहतो. आपल्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी सोडतात तसं, आज या गल्लीला, उद्या त्या गल्लीला.

अटारी 2600 या घरच्या गेम मशीनची तर याहून ओढाताण. 1977 चं मशीन, रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, 128 बाइट, किलोबाइट नाही हां, बाइट. त्याच्यावर 1982 ला पॅकमॅन, भूलभुलैयात भुतं मागं लागतात तो पार्लरचा गेम, आला आणि चार भुतांना एकेका फ्रेमची पाळी, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एक भूत 15 वेळाच दिसणार. लोकांनी लई शिव्या घातल्या. लुकलुक मी माफ करतो, पण काळ्याची निळी पार्श्वभूमी केली, डाव्या-उजव्या बाजूचा बोगदा वर-खाली नेला, हे मला आजही पटत नाही. कारण त्याच मशीनवर नंतर मिस पॅकमॅन आला, 4 च्या जागी 8 केबीची (किलोबाइटची) कॅसेट, चार वेगवेगळे भूलभुलैये, फिरणारी फळं, आणि भुतं एका रेषेत आली तरच लुकलुकतात. जिथं टंचाई तिथंच पाळी लावली! मशीन तेच, फक्त जागा थोडी वाढली आणि करणाऱ्यानं जीव ओतला.

डाँकी काँगचं मात्र मनाला लागलं. 1981 च्या मूळ पार्लरवाल्या गेममधे चार स्टेज, 1983 च्या फॅमिकॉमवर तीनच, सिमेंटच्या पाट्या वाहणारे पट्टे असलेली स्टेज गाळलेली. 24 केबीत नाही बसली. मी मोठा झाल्यावर कॉम्प्युटरवर मूळ गेम लावला तेव्हा ती पहिल्यांदा दिसली, आणि लहानपणचं काहीतरी आपल्यापासून लपवून ठेवलं होतं असं वाटलं. 2010 ला निन्टेन्डोनं ती स्टेज घालून पुन्हा काढला, म्हणजे त्यांनाही ती सलत असणार असं मला वाटतं.

आणि कॉन्ट्रा? 1987 चा पार्लरवाला मी आता खेळून बघितला, उभा स्क्रीन, चित्रं जास्त भारी, तरी 1988 चा घरचाच मला सरस वाटतो. आडव्या टीव्हीवर पुढून कोण यायलंय ते आधी दिसतं, आणि ठरावीक बटणं दाबून 30 लाईफ मिळवायचा कोड पार्लरच्या मशीनमधे नव्हताच.

आता गेमला अ‍ॅडॉप्टर शोधायलोय. दादा संक्रांतीला लातूरहून येणारे, त्याच्याकडून एस गन घ्यायची, मधेच पॉझ दाबायचं आणि कोणती गोळी लपलीय ते त्याला बोट ठेवून दाखवायचं.