हार्बिनचा बर्फ, लिंगमळ्याची थंडी

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या, आणि तेव्हापासून जलरंग सुटले नाहीत. अजिंक्यतारा किल्ला झाला, चार भिंतीचं स्मारक झालं, कासची फुलं तर किती वेळा काढली असतील. बर्फ मात्र कधी काढला नव्हता. साताऱ्यात राहून तो बघणार कुठे? गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी तो काढायचा योग आला. त्या संध्याकाळचं सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवते.

माझे वडील आणि काका पाटबंधारे खात्यात बरोबर होते. काका निवृत्त झाल्यावर महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला स्ट्रॉबेरी करायला लागले. दोन घरांचं येणंजाणं इतकं, की त्यांच्या धाकटीला मी कडेवर घेऊन फिरवलंय. आम्ही तिला अजूनही छोटीच म्हणतो. ही छोटी चीनमध्ये, पार उत्तरेला हार्बिनला एमबीबीएस शिकून आली.

तिचाच फोन आला. "ताई, एकवीस तारखेला आईला घेऊन मुक्कामाला ये. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. तिकडे त्या दिवशी घरोघरी जिआओझ करतात. आणि तुझे ब्रश आणू नकोस, माझ्याकडे आहेत."

जिआओझ म्हणजे दिसायला मोमोसारखं, पण उकळत्या पाण्यात शिजवलेलं. उत्तर चीनमध्ये म्हणतात, त्या दिवशी ते खाल्लं की हिवाळ्यात कान गोठत नाहीत. छोटीला हे तिच्या वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी सांगितलं. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने रडत बसलेल्या या मुलीला त्या बाई आपल्या घरी घेऊन गेल्या होत्या. बाहेर उणे पंचवीस. चारच्या आतच सूर्य मावळलेला. सोंगहुआ नदी पायी ओलांडता येईल इतकी गोठलेली. "त्या दिवशी नदीकाठाने चालत गेलो ना, ते मला चित्रात हवंय," छोटी म्हणाली. म्हणून तर मला बोलावलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा काकूंची पूजा चालली होती. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे सारणात मांस नाही, कांदा-लसूण नाही. कोबी बारीक चिरून मीठ लावून ठेवलेला होता. गाजर, मश्रूम, पनीर आणि भरपूर आलं. कणीक मैद्याची, फक्त गार पाण्यात घट्ट मळून ओल्या फडक्याखाली झाकलेली. ती अर्धा तास मुरेपर्यंत छोटीने मला आतल्या खोलीत नेलं.

तिने कागद उलगडला. शुआन कागद म्हणतात, आन्हुई प्रांतातला. झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून करतात. हाताला सुती वाटतो, आणि पाण्याचा थेंब पडला की तिथल्या तिथे पिऊन टाकतो. पाच कागद होते. शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची कांडी, ती दगडावर पाणी घालून उगाळायची. मी उगाळायला लागले आणि आई दारातून म्हणाली, "अगं, ही तर सहाण!" आईने कांडी माझ्या हातातून घेतली, आणि रोज देवासाठी गंध उगाळणाऱ्या हाताने अशी काही शाई काढली, की काळा मखमली लगदा झाला. तिला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण किती दाबायचं आणि कधी थांबायचं हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

पहिला कागद माझ्या सवयीने वाया गेला. आकाश करडं केलं, झाडं काढली आणि बर्फासाठी पिशवीतली पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली उघडली. फांद्यांवर पांढरं बसलं खरं, पण ते चुन्यासारखं मेलेलं दिसलं. छोटी डॉक्टर आहे, चित्रकार नाही, पण तिने तिकडची चित्रं खूप बघितली आहेत. हार्बिन ज्या प्रांतात येतं त्या हेलोंगजियांगचे चित्रकार यू झीशुए यांनी बर्फाच्या निसर्गचित्रांची वेगळी शैलीच उभी केली. ती म्हणाली, "ताई, तिकडे बर्फ रंगवत नाहीत. कागद सोडतात आणि बाकीचं रंगवतात."

जलरंगात कागद आम्हीही सोडतो, पण पाण्यावरची चमक, कौलांची कड, एवढाच. इथे सगळी जमीन सोडायची होती. हात धजावेना. दुसऱ्या कागदावर पाणी जास्त झालं आणि नदीचा काठ डबक्यासारखा पसरला. खोडून पुन्हा करायची सोयच नाही. या कागदावर जे झालं ते झालं.

तेवढ्यात काकूंनी हाक मारली. नैवेद्य झाला होता, कणीक मुरली होती. कोबी मुठीत पिळला तेव्हा वाटीभर पाणी निघालं. ते राहिलं तर जिआओझ फुटतं. पारी लाटताना मध्य जाड ठेवायचा आणि कड पातळ. सारण ठेवून ती चंद्रकोरीसारखी मिटायची, आणि एका बाजूला चुण्या घालत जायचं. छोटीने दोन करून दाखवली. तिसरं आईने घेतलं आणि सरळ करंजीची मुरड घातली. अंगठा आणि तर्जनी पुढे पुढे, कड दोरीसारखी पिळत गेली. छोटी बघतच राहिली. चीनमध्ये जुन्या काळच्या चांदीच्या लगडीचा आकार म्हणून जिआओझ भरभराटीचं मानतात. आमच्या परातीत त्या रात्री निम्म्या लगडी होत्या आणि निम्म्या करंज्या.

काका चुलीपाशी बसून सांगत होते, की १८३० च्या दशकात इंग्रजांनी महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. त्यांनी रस्ते केले, बागा केल्या, भाजीपाला आणि बटाटे पिकवले. चायनामन फॉल हे धबधब्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. "आपण लहानपणापासून नाव घेतो," काका म्हणाले, "पण ती माणसं इथे थंडीत काय खात असतील, कुणाला आठवत असतील, हे कधी मनात येत नाही." त्यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मला नर्सबाईंच्या घरी बसलेली छोटी दिसत होती.

पाण्याला उकळी आली की जिआओझ सोडायची आणि झाऱ्याच्या पाठीने तळ हलवायचा, नाहीतर चिकटतात. उकळी वर आली की गार पाणी ओतायचं. मांस असेल तर तीनदा, आपली भाजी म्हणून दोनदा. तरंगली, पोटं फुगली, की काढायची. व्हिनेगरमध्ये आलं घालून खाल्ली आणि शेवटी ज्या पाण्यात शिजवली तेच पाणी वाटीतून प्यालो. तिकडे तशीच पद्धत आहे. काकू म्हणाल्या, "म्हणजे पेजच की."

जेवणाआधीच एक काम करून ठेवलं होतं. काकांच्या दाढीच्या सामानातला तुरटीचा खडा कोमट पाण्यात विरघळवला, त्यात थेंबभर सरस घातला आणि जुन्या टूथब्रशने ते पाणी तिसऱ्या कागदावर शिंतडलं. तुरटी बसते तिथे कागद शाई पीत नाही. पण गारठ्यात ते वाळेना, मी घाई केली आणि ठिपके फिसकटले. चौथ्याला धीर धरला. जेवण होईपर्यंत कागद चुलीपासून हातभर लांब दोरीला टांगला होता. वाळल्यावर वर काहीच दिसेना, कोरा कागद. मग रुंद ब्रशाने फिकी शाई एका दमात वरून खाली ओढली, आणि त्या करड्या संध्याकाळीतून पांढरे ठिपके एकेक करून उमटत गेले. बर्फ पडायला लागला. आई पुटपुटली, "अगं बाई." मी नदी आहे तशी कोरी सोडली. काठाला दोन झाडं, आणि खाली जवळजवळ चालणाऱ्या दोन लहानशा काळ्या आकृत्या.

छोटीने त्यातल्या बुटक्या आकृतीवर बोट ठेवलं. "ही मी नाही, त्या. मी त्यांच्यापेक्षा उंच होते." मग ती बराच वेळ चित्राजवळ बसून राहिली.

पहाटे काकांनी उठवलं. वेण्णा लेककडचं सगळं पठार गारठून गेलं होतं आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दंव गोठलं होतं. काळ्या मल्चिंग पेपरवर पांढरे कण, पानांच्या दातेरी कडांना पांढरी किनार. मी वाकून बघत राहिले. उन्हं यायला अजून अर्धा तास होता आणि आत एक कागद शिल्लक होता.

छोटी दगड आणि कांडी घेऊन बाहेर आली. तिने गाडीच्या टपावरचं दंव नखाने खरवडून चमचाभर दगडावर टाकलं. ते विरघळेपर्यंत आम्ही थांबलो, आणि आईने उगाळायला घेतलं.