दऱ्यांचा दर्या

ब्लॉगस्पॉटवरचा, म्हणजे गूगलच्या ब्लॉगर सेवेवरचा ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर (स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्यावर), वर्डप्रेसमध्ये हलवणं आमच्या धंद्यात किरकोळ काम समजतात. सगळ्या लेखांची एक एक्सएमएल फाइल उतरवायची, नव्या जागी चढवायची, झालं. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, नुसते त्यांचे दुवे असतात, हेसुद्धा अनेकांना जुना ब्लॉग पुसल्यावर कळतं.

असंच एक काम सरांचं आलं. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. २००८पासून सह्याद्रीतल्या वाटांवर लिहितात. ब्लॉगरने त्यांच्या देवनागरी शीर्षकांना ‘ब्लॉग-पोस्ट_१२’ असले पत्ते दिलेले. सरांना ते नको होते, पूर्ण मराठी पत्ते हवे होते. पण वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्याला २०० जागा देतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, सांकेतिक रूपात ९ जागा खातं. बाविसाव्या चिन्हाला शीर्षक तुटतं. शिवाय कुठल्या टाक्यात उन्हाळ्यात पाणी असतं हे सांगताना कितीतरी भटक्यांनी याच जुन्या पत्त्यांचे दुवे दिलेत. ते मोडायचे नाहीत, यावर मी अडून बसले. ब्लॉगरमध्येच नवा डोमेन जोडला, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा माणूस नव्याकडे वळतो. मग डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचा ती नोंद, आमच्या सर्व्हरकडे फिरवला. वर्ष, महिना, नाव, शेवटी ‘एचटीएमएल’, पत्त्यांची सगळी रचना जशीच्या तशी. या कामाचा मला अभिमान आहे.

दुपारी सरांचा फोन. “अहो मॅडम, कोकणकड्याखालच्या दऱ्यांचा दर्या कसा झाला?”

उघडून पाहिलं. पायऱ्यांच्या ‘पायर्या’, दोऱ्यांच्या ‘दोर्या’, दुसऱ्याचं ‘दुसर्या’. प्रत्येक लेखात.

हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. जुन्या फोनेटिक साधनांवर टाइप केलेल्या मराठीत ही दुसरी तऱ्हा सर्रास सापडते, आणि सरांचं सगळं लेखन तसंच. होस्टिंगवाल्यांच्या मदत विभागाने आम्हाला न विचारता डेटाबेसवर ‘साफसफाई’ची स्क्रिप्ट चालवली होती. न दिसणारी सगळी चिन्हं म्हणजे वर्डमधून चिकटून आलेला कचरा, असं त्यांचं गणित. जोडचिन्ह गेलं आणि र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसला. मी समजावत होते, पलीकडून एकच उत्तर: “मॅडम, डेटा तर पूर्ण आहे.” मराठी वाचता येणाऱ्या एका माणसाने एक पान उघडून पाहिलं असतं तरी हे थांबलं असतं. आपल्या भाषेचा मजकूर हाताळणारी किती साधनं ती न वाचता येणाऱ्यांच्या हाती आहेत, याचा त्या दिवशी फार संताप आला.

सरसकट ‘र्या’चा ‘ऱ्या’ करणं शक्य नव्हतं. सूर्यास्त, पर्याय, कार्यालय, मर्यादा यांचं काय करणार? मूळ एक्सएमएल मी जपून ठेवली होती म्हणून वाचलो. डेटाबेस रिकामा करून ती पुन्हा चढवली, पण त्याआधी तिच्यातला प्रत्येक जोडचिन्हवाला र नुक्त्याच्या ऱ मध्ये बदलला. मोबाइलवर ‘दऱ्या’ टाइप करून शोधणाऱ्याला जोडचिन्हवाली ‘दऱ्या’ आमच्या साध्या शोधात सापडत नाही, डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसल्या तरी. लेखकाच्या मजकुरात इतकाही हात घालावा का, हे माझं मलाच ठरेना. सरांना विचारलं. ते म्हणाले, “वाट शोधणाऱ्याला सापडली पाहिजे, बाकी तुम्ही बघा.” आता ‘जुना ब्लॉग काढून टाकू का’ असं ते अधूनमधून विचारतात आणि मी नको म्हणते, कारण वळणारा रस्ता तिथूनच सुरू होतो.

पण त्याच सर्व्हरवर आणखी एका बाईंचा ब्लॉग आहे, पाककृतींचा. त्यांच्याकडे मूळ फाइल उरलेली नाही आणि जुना ब्लॉग पुसलेला आहे. तिथला ‘र्या’ आणि ‘र्ह’ असलेला एकेक शब्द मी डोळ्यांनी तपासते आहे. ‘मिर्या’च्या मिऱ्या केल्या, ‘कुर्हाड’ची कुऱ्हाड केली. शब्दांची यादी देऊन बरंचसं आपोआप होतं, पण आडनावं आणि गावांची नावं आली की बाईंना फोन करावाच लागतो.