प्रेस रोलपासून वंगणाच्या टाकीपर्यंत : आमची वाटचाल

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या एका गाळ्यात आम्ही दोघा भावांनी काम सुरू केले, तेव्हा एक जुने लेथ मशीन, एक ड्रिलिंग मशीन आणि रोलचे झिजलेले जर्नल (रोलच्या टोकाचा बेअरिंगमध्ये फिरणारा दांडा) दुरुस्त करण्याचा थोडाफार अनुभव, एवढेच आमचे भांडवल होते. धाकट्या भावाने त्याआधी काही वर्षे वापीच्या एका क्राफ्ट पेपर मिलमध्ये मेंटेनन्सचे काम केले होते, त्यामुळे कागदाच्या मशीनची भाषा आमच्या घरात आधीच आलेली होती. सुरुवातीला मिळेल ते काम आम्ही घेत होतो. पुढे प्रेस पार्ट (ओला कागद रोलमध्ये दाबून पाणी काढणारा मशीनचा भाग) आणि वंगण या दोनच गोष्टींवर आम्ही का स्थिरावलो, ते येथे नीट सांगावेसे वाटते.

वायरवरून, म्हणजे लगद्यातले पाणी गाळणाऱ्या जाळीवरून, प्रेसमध्ये येणाऱ्या ओल्या कागदात साधारण वीस टक्के तंतू असतात आणि बाकी सगळे पाणी असते. हे पाणी दोन रोलमध्ये दाबून फेल्टमध्ये (कागदाबरोबर फिरणाऱ्या जाड कापडात) उतरवता येते, नाहीतर पुढे ड्रायरवर, म्हणजे वाफेने तापवलेल्या सिलिंडरवर, वाफ खर्चून उडवावे लागते, आणि यातला दुसरा मार्ग कितीतरी महाग आहे. प्रेसमधून कागद ४० टक्के कोरडा निघाला, तर एक किलो तंतूंबरोबर दीड किलो पाणी ड्रायरकडे जाते. तोच ४२ टक्के कोरडा निघाला, तर पाणी १.३८ किलोवर येते. म्हणजे टनामागे सुमारे १२० किलो पाण्याला वाफ लागतच नाही. बॉयलरच्या इंधनाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या दोन टक्क्यांची किंमत समजावून सांगावी लागत नाही; ते दोन टक्के नेमके कुठे अडकले आहेत, एवढेच शोधून द्यावे लागते.

आमचे पहिले मोठे काम असेच होते. एका मिलमध्ये कागदाच्या मधोमध ओला पट्टा येत होता आणि ड्रायरवर कागद वारंवार तुटत होता. फेल्ट दोनदा बदलून झाले होते. आम्ही मशीन थांबवून घेतले, फेल्ट बाजूला केले, दोन रोलच्या मध्ये संपूर्ण रुंदीभर कार्बन पेपर आणि पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली, नेहमीइतके लोडिंग (रोलवरचा भार) देऊन प्रेस बंद केला आणि पुन्हा उघडला. पट्टीवरचा काळा ठसा दोन्ही कडांना रुंद होता आणि मध्ये त्याच्या निम्म्याने अरुंद. रोल दोन्ही टोकांना बेअरिंगवर टेकलेला असतो आणि भारही टोकांकडूनच येतो, त्यामुळे तो मध्ये किंचित वाकतो. ते वाकणे भरून निघावे म्हणून ग्राइंडिंग करताना मध्यभाग थोडा जाड ठेवतात, त्याला क्राउन म्हणतात. या मिलने उत्पादन वाढवताना लोडिंग वाढवले होते, पण रबर रोलचा क्राउन जुन्याच लोडिंगचा राहिला होता. रोल नव्या हिशेबाने ग्राइंड करून बसवला आणि ओला पट्टा गेला. ती पट्टी आम्ही आजही जपून ठेवली आहे आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

वंगणाकडे आम्ही वळलो ते ड्रायरच्या बेअरिंगमुळे. ड्रायरच्या जर्नलमधून १४० अंशांच्या आसपासची वाफ आत जाते आणि तिची उष्णता थेट बेअरिंगपर्यंत पोहोचते. जुन्या मिलमध्ये तेथे ग्रीस गनने ग्रीस भरण्याची पद्धत होती. असे एक जॅम झालेले बेअरिंग आम्ही उघडले, तेव्हा आतले ग्रीस करपून दगडासारखे घट्ट झाले होते आणि स्क्रू ड्रायव्हरने खरवडावे लागत होते. वरून नवे ग्रीस रोज भरले जात होते, पण ते रोलरपर्यंत पोहोचतच नव्हते. अशा ठिकाणी फिरत्या तेलाची व्यवस्था हवी, कारण तेल वंगणही करते, उष्णताही वाहून नेते आणि आतली घाणही बाहेर काढते.

ही व्यवस्था बनवताना आमच्या हातून एक गंभीर चूक झाली होती. पहिल्या कामात आम्ही पंप, फिल्टर आणि प्रत्येक बेअरिंगचा फ्लो मीटर यांवर सगळे लक्ष दिले आणि परतीच्या पाइपला उतार कमी ठेवला. थंडीतल्या एका पहाटे मशीन सुरू झाले, तेव्हा दाट झालेले गार तेल परतीच्या लाइनमधून वाहीना, ते बेअरिंगच्या हाउसिंगमध्ये (कवचात) तुंबले आणि सीलमधून बाहेर येऊन ड्रायरच्या फेल्टवर उतरले. कागदावर तेलाचे डाग पडले आणि बराच माल ब्रोकमध्ये (वाया गेलेल्या कागदात) गेला. परतीचे सगळे पाइप आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. तेव्हापासून परतीचा पाइप निम्म्याहून अधिक भरणार नाही इतका रुंद ठेवायचा, त्याला भरपूर उतार द्यायचा आणि मशीन चालू करण्याआधी टाकीतले तेल तापवून घ्यायचे, हा आमचा नियम आहे. टाकीही मोठी हवी. मिनिटाला ६० लिटर तेल फिरत असेल, तर आम्ही २,००० लिटरची टाकी सुचवतो, म्हणजे तेलाला अर्ध्या तासाहून अधिक विसावा मिळतो आणि त्यातली हवा व पाणी वेगळे होते. खर्च वाचवण्यासाठी टाकी लहान करा, असा आग्रह अनेकदा होतो. तेथे आम्ही काम सोडले आहे, पण टाकी लहान केलेली नाही.

कागदाच्या मशीनवर तेलाचा खरा शत्रू पाणीच. शिफ्ट संपताना प्रेस पार्ट जोरदार पाण्याच्या होजने धुतात आणि तो झोत सरळ बेअरिंगच्या सीलवर बसतो. साइट ग्लासमधले (तेल दिसण्यासाठीच्या काचेतले) तेल ताकासारखे पांढरट दिसू लागले, की ते पाणी बेअरिंगचे आयुष्य खाऊ लागलेले असते. म्हणून काम सोपवताना ऑपरेटरइतकाच वेळ आम्ही मशीन धुणाऱ्या हेल्परबरोबर घालवतो. त्याला कारण समजले, की तो झोताची दिशा स्वतःहून बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

सक्शन रोलमध्ये, म्हणजे आतल्या व्हॅक्यूमने पाणी ओढणाऱ्या छिद्रांच्या पोकळ रोलमध्ये, मात्र पाणी हेच वंगण असते. आतल्या व्हॅक्यूम बॉक्सच्या कडांना ग्रॅफाइटयुक्त रबराच्या सील पट्ट्या असतात आणि फिरत्या शेलला (रोलच्या बाहेरच्या कवचाला) त्या घासू नयेत म्हणून त्यांच्यावर स्वच्छ पाण्याचा बारीक शॉवर सतत चालू ठेवावा लागतो. एखादे नोझल तंतूंनी बुजले, तर तेवढ्याच जागेत पट्टी झिजते, व्हॅक्यूम उतरतो आणि कागद ओला येऊ लागतो. नोझल किरकोळ किमतीचे असते, पण ते बदलण्यासाठी अख्खा रोल बाहेर काढावा लागतो.

दाब आणि वंगण हे आमचे दोन्ही विषय शू प्रेसमध्ये अक्षरशः एकत्र येतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बेलॉइट कंपनीने हे तंत्र प्रत्यक्ष वापरात आणले. साध्या रोल प्रेसचा निप (कागद दाबला जातो ती जागा) काही सेंटिमीटरचा असतो, तर शू प्रेसमध्ये शू नावाचा खोलगट ठोकळा फिरत्या लवचिक पट्ट्याला (बेल्टला) आतून दाबत असल्याने तो सुमारे २५० मिलिमीटर लांबीचा होतो, पाण्याला बाहेर पडायला अधिक वेळ मिळतो आणि कागद न चिरडता मोठा भार देता येतो. शू आणि पट्टा यांच्यामध्ये केवळ तेलाचा पातळ थर असतो. तो तुटला तर पट्टा जागीच जातो. शू प्रेस बनवण्याची आमची ऐपत नाही, मात्र अशा तेलाच्या गाळणीचे आणि देखरेखीचे काम आता आमच्याकडे येऊ लागले आहे.

आज गाळा स्वतःचा आहे आणि आम्ही चौदा जण आहोत. प्रत्येक मिलसाठी एक वही असते, तीत निपचा ठसा, क्राउन, बेअरिंगचे तापमान आणि तेलाचा नमुना यांची तारीखवार नोंद असते. ज्या मिलचा ओला पट्टा आम्ही पहिल्यांदा घालवला होता, तेथील वही आता तिसरी आहे, आणि येत्या शटडाउनमध्ये त्यांच्या दुसऱ्या प्रेसचा ठसा घ्यायला धाकटा भाऊ स्वतः जाणार आहे.